गंज, सराटा आणि हाव

मला सूड घ्यायचा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई मोठा सोज्वळ आव आणून लिहिते.

ज्यांच्यावर घ्यायचा होता ते गृहस्थ बिबवेवाडीत आमच्याच सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहतात. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. लहानथोर सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. गेटमधून आत आलं की वॉचमनच्या केबिनशेजारी एक काळा फळा आहे. पाणी कधी येणार नाही, लिफ्ट कधी बंद राहणार, एवढंच त्यावर लिहायचं असं मूळचं ठरलं होतं. सरांनी त्याचा वरचा अर्धा भाग न विचारता ताब्यात घेतला. रोज सकाळी सहाला आंघोळ उरकून, पांढरा सदरा घालून ते खाली येणार, ओल्या फडक्यानं फळा पुसणार आणि सुबक अक्षरात ‘आजचा शब्द’ लिहिणार. अमुक शब्द चूक, तमुक बरोबर. मी बसला जाताना थांबून वाचायची. आवडायचं मला, खोटं कशाला बोलू?

मी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मूळची वर्ध्याकडच्या एका खेड्यातली. शिकायला म्हणून पुण्यात आले आणि इथलीच झाले. लग्न केलं नाही, त्याची चौकशी करून लोक दमले. बाबा गेले आणि गावच्या घरात आई एकटी उरली. वर्षभर मी तिच्या मागे लागले होते, की माझ्याकडे येऊन राहा. ती म्हणायची, “कायले? तिथं माह्याशी बोलन कोन?” शेवटी दिवाळीनंतर मी तिला जवळजवळ उचलूनच आणलं. येताना तिनं दोन भांडी फडक्यात गुंडाळून आणली होती. एक तिचा गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, आणि एक सराटा, म्हणजे उलथणं. माझ्या स्वयंपाकघरात उलथणी तीन होती. तरी तिला तिचा सराटाच हवा. “तुह्यानं भाकर पलटत नाई,” म्हणाली.

तिच्याशी बोलणारं माणूस आठ दिवसांत सापडलं. दुसऱ्या मजल्यावर एक कन्नड आजी राहतात, विजापूरच्याही पलीकडच्या, मुलाकडे आलेल्या. त्यांचं मराठी म्हणजे आनंद होता. आईचं मराठी पुण्यात कुणाला धड कळत नव्हतं. संध्याकाळी पाचला दोघी पारिजातकाजवळच्या बाकावर बसायच्या. आई ‘हो’ला ‘हाव’ म्हणते. आमच्याकडे सगळेच म्हणतात, पटकन, मान हलवत. कन्नड आजी म्हणायच्या ‘हौदु’. एक हाव, एक हौदु, यावर दोघींचं दोन दोन तास चालायचं. गुडघे, सुना, पुण्याच्या भाज्यांना चव का नाही, सगळं.

मग आई वर आली की मला बातमी मिळायची. “अवं, तिच्यातबी तूपच म्हन्तेत! तुप्पा म्हन्ते थे. अन आजीले अज्जी.” तिला एवढा आनंद, जसं काही दूरच्या गावात माहेरचं कुणी भेटलं. एकदा तर सुपारी कातरताना दोघींना शोध लागला की आपला अडकित्ता आणि त्यांचा अडकोत्तु एकच. आई ते सांगताना हसून हसून खोकली. बाबा गेल्यापासून ती तशी हसली नव्हती. मी मनात म्हटलं, चला, जमलं. आई राहते आता.

मार्चमधली एक सकाळ होती. मला परीक्षेच्या कामासाठी लवकर जायचं होतं, म्हणून मी पावणेसहालाच निघाले आणि त्या दिवशीचा फळा पाहिला नाही. तो आईनं पाहिला, संध्याकाळी पाचला, बाकाकडे जाताना. त्यावर असं होतं:

‘आजचे गमतीदार ग्राम्य शब्द. गंज : पातेले. सराटा : उलथणे. हाव : हो. शहरात राहावयास आलेल्यांनी शहराची भाषा शिकून घ्यावी. मोफत शिकवली जाईल.’

फळ्यासमोर दोन बायका उभ्या राहून हसत होत्या. आई चौथी शिकलेली आहे. ओठ हलवत, बोट हवेत फिरवत एकेक अक्षर लावून वाचते. तिला तो फळा पुरा व्हायला चांगली दोन-तीन मिनिटं लागली असणार. तेवढा वेळ त्या बायका तिच्याकडे बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, “काय आजी, हाव का?” आणि दोघी पुन्हा हसल्या. हे मला नंतर कन्नड आजींनी सांगितलं. आईनं नाही सांगितलं.

मी सातला घाईत, फळ्याकडे न बघताच घरी आले तर आई स्वयंपाकघरात दिवा न लावता बसलेली. काय झालं विचारलं. तर म्हणाली, “त्यायले आपल्या घरातला गंज कसा मालूम पडला वं?”

मी चप्पल न काढता तशीच खाली गेले, फळा वाचला आणि माझं डोकं फिरलं. फडक्यानं पुसून टाकला, पण सोसायटीच्या निम्म्या लोकांनी तोवर त्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकले होते. खाली हसरे चेहरे. वर आले आणि आईला जवळ घेऊन म्हटलं, “मरू दे गं त्या म्हाताऱ्याला.” तिनं उठून दिवा लावला.

दुसऱ्या दिवसापासून ती खाली जाईना. कन्नड आजी दोनदा वर येऊन दारातून हाका मारून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या नाहीत. आणि मग एक गोष्ट सुरू झाली, जी मला न जाण्यापेक्षाही वाईट वाटली. आई माझ्याशी पुण्याचं बोलायला लागली. “पातेलं दे.” “उलथनं कुठं हाये?” आणि काही विचारलं की, “हो.” ते ‘हो’ ती इतकं जपून म्हणायची, दुसऱ्याच्या घरातली काचेची बशी उचलावी तसं. चार दिवसांनी म्हणाली, “मले गावी नेऊन सोड. आंबे पिकायच्या आत.”

“राहा ना गं.”

“इथं तोंड उघडाची भीती वाटते मले.”

बस्स. आईनं राहावं आणि आपल्या तोंडानं बोलत राहावं, एवढंच मला हवं होतं. आणि ते ज्यानं हिसकावलं त्याची मी अशी जिरवणार होते की त्यानं पुन्हा खडू हातात धरला नसता. मी सभ्य बाई आहे. ग्रंथालयात कुणी मोठ्यानं शिंकलं तरी नुसती चष्म्यावरून बघते. पण त्या दिवसांत आंघोळ करताना, बसमध्ये, पुस्तकांवर शिक्के मारताना मी त्या माणसाशी मनात भांडत होते. शिक्के इतक्या जोरात बसायचे की शिपाई म्हणाला, “मॅडम, टेबल मोडंल.”

त्या रागात जुना रागही होता. मी पहिल्यांदा होस्टेलवर राहायला आले तेव्हा माझ्या खोलीतल्या मुलींनी माझ्या ‘हाव’चा खेळ केला होता. मी बोलले की कुणीतरी मोजायची, आज किती वेळा. सहा महिन्यांत मी तो शब्द जिभेवरून खरवडून काढला. मले, तुले, काऊन, सगळं काढलं. शुद्ध बोलायला लागले, इतकं शुद्ध की दुसऱ्या वर्षी वक्तृत्वात पहिली आले. तेव्हा मी भांडले नव्हते. पंचवीस वर्षांचं ते न भांडलेलं भांडण मी आता सरांच्या नावावर काढलं.

आमच्या ग्रंथालयात मागच्या भिंतीला शब्दांच्या कुळांचे जाडजूड कोश आहेत. वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. धूळ झटकून मी ते दुपारच्या सुट्टीत उघडायला लागले. आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की हत्यार तर इथं कपाटात पडलंय!

लहान शब्द फार लबाड असतात. मोठे शब्द आपली वंशावळ कपाळावर घेऊन फिरतात, त्यांना ओळखणं सोपं. लहान शब्द मात्र कुठल्याही घरात शिरतात आणि दोन पिढ्यांत घरचे होऊन बसतात. बटाटा पोर्तुगिजांच्या जहाजातून आला. पाव त्यांचाच. चावी त्यांची, बादली त्यांची. साबणावरून अरब आणि पोर्तुगीज यांच्यात अजून वाद आहे, पण आपला नाही हे नक्की. चहा चिनी. उलट आपलं ‘दार’ घ्या. इंग्रजांचं डोअर आणि इराण्यांचं दर ही त्याची सख्खी भावंडं, फार पूर्वी एका घरातून निघून तीन देशांत गेलेली. दात तसाच. डेंटिस्टच्या पाटीवर आपलाच दात इंग्रजी कपडे घालून बसलेला आहे. आणि आई-बाप-मामा-बाबा यांच्यासाठी तर जगभर एकाच चालीचे शब्द. ओठ मिटून उघडले की ‘मा’ होतो, ते पोर पुण्याचं असो की तुर्कस्तानचं. त्यात कोण शहरी आणि कोण ग्राम्य?

मग मी ‘गंज’ काढला. संस्कृतात गंज म्हणजे कोठार. फारसीत गंज म्हणजे खजिना. आमचं भांडं त्याच घराण्यातलं असावं असं मला वाटतं. छातीवर हात ठेवून नाही सांगणार, पण सरांना सांगायला एवढं पुरे होतं. ग्राम्य म्हणे! राजाच्या खजिन्याचा शब्द माझ्या आईच्या चुलीवर होता. सराटा मात्र मला सापडला नाही. आणि हाव? छत्तीसगडात हव, हैदराबादेत हौ, कन्नडमध्ये हौदु, तेलुगूत अवुनु. अर्धा देश ज्या शब्दानं मान डोलावतो त्याच्या जवळपासचा शब्द. कोशात मात्र ‘हाव’पुढे फक्त लोभ. माझ्या आईच्या होकाराला एक ओळही नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलनं लिहिलं, समासात: ‘होकार. वर्धा. आई म्हणते.’ दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी दंड लावला असता.

आणि मग मी फळ्यावर उतरले. सरांनी सहाला लिहिलं की साडेसहाला जाताना मी खाली लिहायची. पहिल्या दिवशी त्यांचं होतं, ‘आलू म्हणू नये, बटाटा म्हणावे.’ मी खाली लिहिलं, ‘आलु संस्कृतात आहे. बटाटा पोर्तुगीज आहे. सरांचा जहाजाचा प्रवास सुखाचा होवो.’ खाली माझा फ्लॅट नंबर घातला. निनावी मारामारी मला आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर: ‘उत्तरे देण्यासाठी फळा नाही. टाकीच्या खोलीची चावी सेक्रेटरींकडे आहे, ज्यांना वेळ जात नसेल त्यांनी टाकी धुवावी.’ मी खाली: ‘चावी पोर्तुगीज. टाकी धुवायला बादली लागेल, तीही पोर्तुगीज. आपण लोट्यानं धुता का?’

अहो, काय मजा आली म्हणून सांगू! लोक सकाळी फिरायला जायच्या आधी फळ्यापाशी थांबायला लागले. दूधवाला वाचायचा. आयटीतली पोरं फोटो काढून ग्रुपवर टाकायची आणि खाली लिहायची, ‘मॅडम रॉक्स’. ज्या दोन बायका आईला हसल्या होत्या त्या आता मला लिफ्टमध्ये गोड बोलायला लागल्या. मी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. सरांनी एकदा ‘साजूक तूप ही मराठी माणसाची ओळख’ असं लिहिलं. त्या दिवशी मी कन्नड आजींना हाताला धरून खाली नेलं आणि त्यांच्या हातानं त्यांच्या लिपीत ‘तुप्प’ लिहून घेतलं. त्यांना कशासाठी ते कळलं नाही, पण खडू हातात आल्यावर त्या लाजल्या.

रोज संध्याकाळी मी आईला सगळं वाचून दाखवायची. आज मी काय लिहिलं, त्याचं तोंड कसं झालं. ती भाजी निवडत ऐकायची. “बरं,” म्हणायची. मी म्हणायची, “बघ आता, तो तुझी माफी मागतो की नाही. मग येशील ना खाली?” तर ती विचारायची, “तुझं जेवन वाढू का?” मला वाटायचं, घाबरली आहे बिचारी. पूर्ण जिंकले की येईल.

एप्रिलमध्ये सोसायटीची सभा झाली. पार्किंगमध्ये सतरंज्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. पाण्याचं आणि पार्किंगचं भांडून झाल्यावर सर उभे राहिले आणि म्हणाले, “फळ्याचं पावित्र्य राखलं जावं. काही सभासद भगिनी पुस्तकं वाचून इतरांचा पाणउतारा करतात, ते शोभत नाही.”

मी याचीच वाट बघत होते. उठले.

“सर,” म्हटलं, “आपल्याला सगळे सर म्हणतात. तो शब्द कुठून आला, आपण कधी फळ्यावर लिहिलं नाहीत. मी सांगते. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला आणि त्यांच्याकडे तो लॅटिनमधून आला. मूळ अर्थ एवढाच की वयानं मोठा. ज्ञानानं नाही, मानानं नाही, नुसता वयानं. साध्या मराठीत, म्हातारा. चाळीस वर्षं लोक आपल्याला म्हातारा म्हणतायत आणि आपण मान डोलावताय. माझी आई तुमच्याहून चार वर्षांनी मोठी आहे. म्हणजे खरा सर तीच. तिला आपण फळ्यावर चढवून हसायला लावलंत. तिनं महिना झाला खाली पाऊल ठेवलं नाही. आपण उद्या त्याच फळ्यावर चूक कबूल करायची, सगळ्यांसमोर.”

मग मागून एक पोरगा फुसकन हसला आणि मग सगळी पार्किंग हसली. लोक टाळ्या वाजवत होते. सर खुर्चीचा हात धरून खाली बसले. त्यांच्या बायकोनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मला गार वाटलं. पोटातून गार वाटलं. होस्टेलमधल्या त्या मोजणाऱ्या पोरीसुद्धा मला त्या गर्दीत खाली माना घालून बसलेल्या दिसल्या.

सरांनी चष्मा पुसला. मग एवढंच म्हणाले, “लिहितो. उद्या वाचा.”

सकाळी साडेसहाला मी आईला उठवून, लुगडं नीट करून, हाताला धरून खाली आणलं. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, “चल तर खरी. तुझ्यासाठी लिहिलंय.” फळ्यापाशी पाच-सहा जण आधीच उभे होते. मला बघून बाजूला झाले. मला वाटलं, मानानं झाले. मी फळ्याकडे नीट बघितलंच नाही. आईला पुढे केलं आणि म्हटलं, “वाच. मोठ्यानं वाच.”

ती बोट हवेत धरून वाचायला लागली. “गंज, सराटा, हाव हे शब्द... चांगले आहेत. ते हसण्यासाठी... लिहिले, ही चूक... झाली. त्यातली अर्धी चूक... माझी आहे.”

तिथं ती थांबली. मी वर पाहिलं. पुढचं मी मनात वाचलं, पण ती थांबली नव्हती, नुसता श्वास घेत होती. तिनं तेही वाचलं.

“हे शब्द मला... याच फळ्यापाशी, जानेवारीत... दुधाची पिशवी हातात घेऊन... हसत हसत... ज्यांनी सांगितले, त्यांच्या... उरलेल्या अर्ध्या चुकीसाठी... खाली जागा सोडली आहे.”

खाली अर्धा फळा कोरा होता. कठड्यावर खडूचा एक नवा तुकडा ठेवला होता.

जानेवारी. थंडी होती. सर फळा पुसत होते आणि मी दूध घेऊन येताना थांबले होते. “आई आल्यात म्हणे आपल्या?” त्यांनी विचारलं. आणि मी म्हणाले होते, “हो ना सर, काय सांगू, आमच्या स्वयंपाकघरात आता भाषांतर लागतं! पातेल्याला गंज, उलथण्याला सराटा. आणि सारखं आपलं हाव, हाव!” मी आईची मान हलवूनही दाखवली होती. सरांना हसू आवरेना. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि विचारलं, “पुन्हा सांगा, सराटा ना?” मी सांगितलं. ‘ट’ला काना, हेसुद्धा सांगितलं. मग वर येऊन आईनं टाकलेला चहा प्यायले. मला हे आठवत का नव्हतं, तर ती गोष्ट मी एकदा थोडीच सांगितली होती? कॉलेजात सांगितली होती, बसमध्ये सांगितली होती, मैत्रिणीला फोनवर. सगळीकडे हशा यायचा. मी किती पुण्याची झाले आहे ते त्या हशातून लोकांना आपोआप कळायचं.

पाच-सहा जण माझ्याकडे बघत होते. आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, “चाल घरी.”

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच. तिनं बटण दाबलं. तेव्हा कुठे मला तिचं ते वाक्य ऐकू आलं, पहिल्या संध्याकाळचं, अंधारातलं. त्यायले आपल्या घरातला गंज कसा मालूम पडला वं? मी ते रडणं समजले होते. ती विचारत होती. गंज आणि सराटा माझ्या स्वयंपाकघराबाहेर कधी गेलेच नव्हते. ते बाहेर नेणारं घरात दुसरं होतं कोण? महिनाभर मी रोज संध्याकाळी तिला माझे पराक्रम वाचून दाखवत होते, आणि ती भाजी निवडत वाट बघत होती की पोरगी आज तरी सांगेल.

“आई,” मी म्हटलं, “तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

“हो,” ती म्हणाली.

आंबे पिकायच्या आत मी तिला गावी सोडून आले. सराटा ती घेऊन गेली, गंजही. फळ्याचा तो कोरा भाग दोन दिवस तसाच होता. मी खडू उचलला होता एकदा. मग पाणी येणार नसल्याची सूचना आली आणि वॉचमननं सगळंच पुसलं. सर हल्ली शब्द लिहीत नाहीत. समोरून आले तर मान हलवतात, मी पण हलवते. जिंकले मी, तसं पाहिलं तर.

रोज रात्री जेवणाआधी आईला फोन करते. मी आता तिच्याशी आमच्याकडचं बोलते, शोधून शोधून. “जेवली का वं माय? गुडघा दुखते का? भाकर केली का?” जीभ अडखळते, पण बोलते. तिच्या घरात तेव्हा शेजारची काकू बसलेली असते आणि मागून दोघींच्या गप्पा ऐकू येत असतात. आईचा आवाज मोकळा, मोठा. हाव, हाव वं, हाव बाप्पा. मग ती फोन तोंडाशी धरते, जरा थांबते, घसा साफ करते.

“हो,” मला म्हणते. “केली भाकरी.”